कुझमिनाला स्लोव्हाकियाने नेमकं काय दिलं?

विचारणाऱ्या गृहस्थांची मुलगी ५० मीटर रायफल करते. त्यांचे प्रश्न थोडक्यात असे: रशियात वाढलेली बायथलीट (म्हणजे स्कीवर पळत मधे मधे रायफलने नेम मारण्याच्या खेळातली) अनास्तासिया कुझमिना स्लोव्हाकियाकडून खेळून तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकली, ती देश बदलला म्हणून की कुठेही गेली असती तरी जिंकलीच असती? अशा खेळाडूला 'भाड्याने आणलेली' म्हणणं रास्त आहे का? आणि मुलीने तिची एकच शर्यत बघायची झाली तर कोणती?

मी रायफल शिकवतो, स्की नाही. बायथलॉनचं वेड लागलं ते त्यातल्या रायफलमुळे. तेव्हा उत्तरही नेमबाजीच्या बाजूने जास्त झुकेल, हे धरून चाला.

आधी माझं मत सांगून टाकतो. कुझमिनाला नेम धरायला स्लोव्हाकियाने शिकवलं नाही, पळायलाही नाही. ते दोन्ही सायबेरियात, त्युमेनमध्येच तयार झालं होतं. स्लोव्हाकियाने तिला स्टार्ट लिस्टमधली पक्की जागा दिली. ऐकायला हे फार किरकोळ वाटतं. पण ती ज्या प्रकारची खेळाडू होती, त्या प्रकाराला याहून मोठं काही देता येत नाही. हे पटायचं तर आधी तिचा प्रकार कळायला हवा.

बायथलॉनमध्ये रायफल आपलीच असते, पॉइंट टू-टू. अंतरही आपलंच, ५० मीटर. दुर्बीण चालत नाही, पुढे-मागे पीप साइट, म्हणजे बारीक भोकातून बघून नेम धरायचा. इथवर सगळं ओळखीचं. आपल्या ५० मीटरच्या कागदावर दहाचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं असतं. बायथलॉनमध्ये प्रोनला (आडवं पडून) ४५ मिलिमीटरचा गोल पाडायचा आणि स्टँडिंगला (उभं राहून) ११५ मिलिमीटरचा. आपल्या मुलांना हे सांगितलं की ती हसतात. 'सर, हे तर डोळे मिटून पडेल.'

मग मी त्यांना रेंजबाहेरच्या जिन्यावर वरखाली पळवतो आणि धापा टाकत असतानाच प्रोनला आडवं करतो. पाच गोळ्या, वेळ मोजून. कागद आणला की चित्र ठरलेलं असतं: गोळ्या उभ्या रेषेत पसरलेल्या, एक वर, एक खाली, कारण श्वासाबरोबर नळी वरखाली होत राहिली. आडव्यात फारसं चुकलेलं नसतं, उभ्यात सगळं फाटलेलं असतं. आणि ही झाली प्रोनची गत. स्टँडिंगला याच मुलांच्या मांड्या थरथरायला लागतात, ग्रुप, म्हणजे गोळ्या एकत्र पडणं, ही गोष्टच उरत नाही. तिकडे तर हातात काठ्या, पायात स्की, पाठीवर किमान साडेतीन किलोची रायफल, छातीचे ठोके मिनिटाला दीडशेच्या पुढे, बोटं गारठलेली. मॅटवर आल्यापासून पाच गोळ्या झाडून उठेपर्यंत चांगल्या खेळाडूला लागतात पंचवीस-तीस सेकंद. आपल्याकडे एका शॉटला एवढा वेळ घेणारे लोक आहेत.

चुकलेल्या प्रत्येक गोळीची शिक्षा शर्यतीप्रमाणे बदलते. स्प्रिंट, पर्स्यूट आणि मास स्टार्टमध्ये १५० मीटरच्या पेनल्टी लूपचा एक फेरा मारायचा. त्यात वीस-पंचवीस सेकंद जातात. जुन्या पद्धतीच्या 'इंडिव्हिज्युअल' शर्यतीत सरळ एक मिनिट वेळेत मिळवतात. ती शर्यत म्हणूनच नेमबाजांची मानली जाते.

या खेळात ढोबळमानाने दोन जाती दिसतात. एक, जे रेंजवर क्वचित चुकतात आणि पळण्यात बेताचे असतात. ते नेहमी पहिल्या पंधरा-वीसात येतात, पदक अधूनमधून. दुसरी जात म्हणजे ट्रॅकवर कुणाला ऐकत नाहीत, पण रायफल कधी साथ देते, कधी दगा देते. आज पहिला नंबर, परवा तिसावा. कुझमिना या दुसऱ्या जातीतली, आणि तीही अगदी टोकाची. तिचं स्टँडिंग काही काही दिवशी खरंच बघवत नसे. आणि ज्या दिवशी लागलं, त्या दिवशी बाकीच्या दुसऱ्या नंबरासाठी खेळत.

आता मुलीच्या वडिलांना एक विचारतो. जिल्ह्याच्या संघाला चार जागा आहेत, दारात दहा चांगली मुलं उभी आहेत. निवड समिती कुणाला घेईल? दर वेळी ६०० पैकी ५८५ मारणाऱ्याला, की एकदा ५९२ आणि एकदा ५७० मारणाऱ्याला? समिती पहिल्याला घेते. मीही समितीवर असतो तर बहुतेक तेच केलं असतं.

रशियात नेमकं हे होतं. कुझमिना माहेरची शिपुलिना, जन्म त्युमेनमधला, ऑगस्ट १९८४. धाकटा भाऊ अंतोन शिपुलिन तिच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, तोही पुढे रशियाचा पहिल्या फळीतला बायथलीट झाला. ती ज्युनिअर गटातून वर आली, पण मोठ्यांच्या संघात तिला मोजकीच संधी मिळाली. त्या काळातला रशियन महिलांचा संघ आठवा. २००६ च्या तोरिनो ऑलिंपिकमध्ये रिलेचं सुवर्ण त्यांचं, २०१० च्या व्हँकुव्हरलाही त्यांचंच. ऑलिंपिकच्या वैयक्तिक शर्यतीत एका देशाच्या जास्तीत जास्त चौघींना उभं राहता येतं, वर्ल्डकपलाही देशागणिक कोटा असतो. म्हणजे जगातल्या पहिल्या तिसात बसेल अशी मुलगी रशियात घरी बसू शकते. त्यात २००७ मध्ये कुझमिनाला मुलगा झाला. बाळंतपणातून उठलेल्या, निकालांत सातत्य नसलेल्या मुलीसाठी जागा राखून ठेवायची तिथे कुणालाच गरज नव्हती.

नवरा डॅनिएल कुझमिन हा क्रॉसकंट्री स्कीपटू, स्वतः इस्रायलच्या नावावर खेळलेला. हे दांपत्य स्लोव्हाकियात बान्स्का बिस्त्रित्सा या गावी राहायला गेलं, आणि २००८ च्या अखेरीपासून ती स्लोव्हाकियाकडून खेळू लागली. पुढे तिचा कोचही नवराच झाला.

इथे जरा थांबण्यासारखं आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये, म्हणजे ती गेल्यावर काही आठवड्यांतच, रशियाच्या अल्बिना अखातोवा आणि येकातेरिना युरिएवा या दोघी आघाडीच्या बायका ईपीओच्या (दम वाढवणाऱ्या, बंदी असलेल्या औषधाच्या) चाचणीत सापडल्या आणि बाहेर गेल्या. म्हणजे ज्या जागांसाठी तिने देश सोडला त्या आपोआप रिकाम्या झाल्या. थोडं थांबली असती तर? हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारलाय. माझं उत्तर असं की काही फरक पडला नसता. कारण त्या दोघी गेल्या तरी रशियाने त्याच जागतिक स्पर्धेत महिलांची रिले जिंकली. रांगच तेवढी लांब होती.

ती स्पर्धा होती कोरियात, प्याँगचँगला. शेवटची शर्यत मास स्टार्ट. पहिली आली रशियाची ओल्गा झायत्सेवा आणि दुसरी अनास्तासिया कुझमिना, स्लोव्हाकिया. नव्या देशाच्या कपड्यांत पहिल्याच हंगामात जागतिक रौप्य. प्याँगचँग आणि मास स्टार्ट ही जोडी लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

एका वर्षाने व्हँकुव्हर. १३ फेब्रुवारी २०१०, व्हिसलरच्या ट्रॅकवर साडेसात किलोमीटरची स्प्रिंट. जर्मनीची मागदालेना नॉयनर त्या पिढीतली सगळ्यात वेगवान मानली जायची, आणि रेंजवर तीही कुझमिनासारखीच बेभरवशी. दोघींची एकेक गोळी चुकली, दोघींनी एकेक लूप मारला. कुझमिना १९ मिनिटं ५५.६ सेकंद, नॉयनर तिच्या दीड सेकंद मागे. तिसरी आलेली फ्रान्सची मारी दोरँ दहाच्या दहा पाडून आली होती, तरी अकरा सेकंदांनी मागे पडली. हे आकडे आमच्या धंद्यातल्या माणसाला बोचतात, पण खरे आहेत: एक लूप जादा मारूनही पाय वाचवू शकतात. लूप दोन झाले की मात्र पायांच्या हातात काही राहत नाही. चार दिवसांत झालेल्या पर्स्यूटमध्ये नॉयनर पुढे, कुझमिना मागे, असं रौप्यही मिळालं.

ते सुवर्ण म्हणजे स्वतंत्र स्लोव्हाकियाचं हिवाळी ऑलिंपिकमधलं पहिलं सुवर्ण. त्याआधी ओन्द्रेय नेपेलाने १९७२ च्या साप्पोरोत फिगर स्केटिंग जिंकलं होतं, पण ते चेकोस्लोव्हाकियाच्या नावावर आहे. स्वतंत्र झाल्यावर २०१० पर्यंत या देशाकडे हिवाळी ऑलिंपिकचं एकच पदक होतं, २००६ चं राडोस्लाव्ह झिडेकचं स्नोबोर्डमधलं रौप्य. आणि मग २०१०, २०१४, २०१८ या तीन ऑलिंपिकमध्ये मिळून स्लोव्हाकियाला सात पदकं मिळाली, त्यातली सहा कुझमिनाची. सातवं पाव्होल हुरायट्चं, तेही बायथलॉनमधलंच. अख्ख्या देशाचा हिवाळी हिशेब एका रेंजवर लिहिलेला.

बरं, हा लहान देश तिला सांभाळत कसा होता? तिचा क्लब दुक्ला बान्स्का बिस्त्रित्सा, म्हणजे लष्कराचं क्रीडा केंद्र. खेळाडूला तिथे नोकरी, पगार आणि सराव असतो. पुण्यातली आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट ज्यांनी पाहिलीय त्यांना हा नमुना समजावून सांगायला नको. सरावाची रेंज गावापासून फार लांब नाही, ऑस्र्ब्लीत. तिथे १९९७ ची जागतिक स्पर्धाही झालेली आहे. म्हणजे देश लहान असला तरी बायथलॉनमध्ये अडाणी नव्हता. कमी होती ती माणसांची. आणि ही कमी तिच्या पथ्यावर पडली, कारण रविवारी चार गोळ्या चुकल्या म्हणून बुधवारी तिचं नाव कुणी कापणार नव्हतं.

चोवीस वर्षांची रायफलवाली आणि तेहेतीस वर्षांची रायफलवाली यांत फरक पडतो तो बहुतेक अशाच सामन्यांमुळे, म्हणजे हरलेल्या, वाईट हरलेल्या आणि तरीही पुढच्या आठवड्यात पुन्हा उभं राहता आलेल्या. निवड चाचणीच्या टांगत्या तलवारीखाली मारलेला शॉट आणि जागा पक्की असताना मारलेला शॉट यांत ट्रिगरवरचं बोट वेगळं वागतं. घाबरलेलं बोट खटका ओढत नाही, हिसडतं. हे तुमच्या मुलीच्या हातातही दिसेल: राज्य स्पर्धेच्या आदल्या दिवशी आणि स्पर्धेनंतरच्या पहिल्या सरावाला तिचे कागद शेजारी ठेवून बघा.

लहान देशाची किंमतही तिने मोजली. बायथलॉनची रिले चौघींची. तिची सहाच्या सहा ऑलिंपिक पदकं वैयक्तिक आहेत, रिलेचं एकही नाही. रशियात राहून संघात टिकली असती तर व्हँकुव्हरचं रिलेचं सुवर्ण कदाचित तिच्याही गळ्यात असतं. शिवाय मेणाचा आणि दारूगोळ्याचा विषय आहे. स्कीला त्या दिवशीच्या बर्फाप्रमाणे मेण लावायला मोठ्या संघांकडे माणसांचा ताफा असतो. गोळ्यांचंही तसंच. उणे दहाला पॉइंट टू-टूच्या गोळीवरचं वंगण घट्ट होतं आणि ग्रुप पसरतो, म्हणून थंडीसाठी वेगळी गोळी बनवतात, आणि त्यातलाही कुठला लॉट (एका खेपेत बनलेल्या गोळ्या) आपल्या नळीला मानवतो ते शोधत बसावं लागतं. आपल्याकडे लॉट टेस्टिंगसाठी पोरं काय काय धडपड करतात ते तुम्हाला माहीत असेलच. लहान संघाला हे सगळं कमी माणसांत उरकावं लागतं.

सोचीचा किस्सा सांगितल्याशिवाय तिची गोष्ट पुरी होत नाही. ८ फेब्रुवारी २०१४ ला पुरुषांची स्प्रिंट झाली. भाऊ अंतोन, घरचं मैदान, समोर रशियन प्रेक्षक. एक गोळी चुकली आणि कांस्य ०.७ सेकंदांनी हुकलं, चौथा नंबर. दुसऱ्या दिवशी महिलांची स्प्रिंट. बहिणीने दहा पैकी दहा पाडल्या आणि स्लोव्हाकियाला सुवर्ण दिलं. दुसरी आली रशियाची ओल्गा विलुखिना, तीही दहा पैकी दहा, १९.९ सेकंद मागे. म्हणजे पळणारी म्हणून ओळखली जाणारी बाई त्या दिवशी एकही न चुकता आली. अशा दिवशी तिला गाठणं कुणालाही शक्य नव्हतं. रशियाच्या भूमीवर, रशियात वाढलेल्या मुलीने, रशियाच्याच मुलीला मागे टाकून दुसऱ्या देशाचं राष्ट्रगीत वाजवलं. तिकडच्या वर्तमानपत्रांना हे गिळायला जड गेलं असणार, पण आईवडिलांच्या घरात त्या आठवड्यात दोन झेंडे होते. अंतोनने त्याच ऑलिंपिकमध्ये रशियाकडून रिलेचं सुवर्ण जिंकलं. पुढे संघातल्या उस्त्युगोवच्या डोपिंग प्रकरणात ते काढून घेतलं गेलं. २०१८ ला तर अंतोनला ऑलिंपिकचं निमंत्रणच मिळालं नाही, आणि बहीण तिथून तीन पदकं घेऊन आली.

ही तीन पदकं प्याँगचँगची. सोचीनंतर तिला दुसरं मूल झालं, ती पुन्हा शून्यापासून सुरुवात करून आली, वय ३३. पहिल्या शर्यतीत, स्प्रिंटमध्ये, पदकाच्या आसपासही नव्हती. नेहमीचं दुखणं, रेंजवर सांडलं. पर्स्यूटमध्ये स्प्रिंटमधलं अंतर घेऊनच सुटावं लागतं, म्हणजे मागून निघून तिने जर्मनीच्या लाउरा डालमायरपाठोपाठ रौप्य काढलं. मग आली १५ किलोमीटरची इंडिव्हिज्युअल, नेमबाजांची शर्यत, चुकीला एक मिनिट. स्वीडनच्या हाना ओबेरीने वीसच्या वीस पाडल्या. कुझमिनाच्या दोन चुकल्या, दोन मिनिटं वेळेत चढली. आणि शेवटी हरली किती सेकंदांनी? २४.७. दोन मिनिटांतली दीड मिनिटाहून जास्त बाई पायांनी परत घेऊन आली!

त्याच दिवशी पुरुषांचीही इंडिव्हिज्युअल झाली, आणि निकाल नेमका उलटा लागला. स्लोव्हेनियाच्या याकोव्ह फाकने वीसच्या वीस पाडल्या आणि दोन चुकवलेल्या नॉर्वेच्या योहानेस ब्योकडून ५.५ सेकंदांनी हरला. नेम मोठा की पाय, यावर वाद घालणाऱ्यांना मी हे दोन निकाल शेजारी ठेवून देतो. वाद मिटत नाही, पण निदान आकड्यांवर येतो.

आणि १७ फेब्रुवारीला मास स्टार्ट. तीस जणी एकदम सुटतात, चार वेळा रेंज. नऊ वर्षांपूर्वी जिथे झायत्सेवाच्या मागे दुसरी आली होती, तीच शर्यत, तेच गाव. शेवटच्या स्टँडिंगला ती एवढी पुढे होती की एक चुकल्यावर लूप मारूनही बेलारूसच्या दार्या दोम्राचेवाला १८.८ सेकंदांनी मागे ठेवून आली. सलग तिसऱ्या ऑलिंपिकमध्ये सुवर्ण.

त्याच हंगामाचा शेवट मात्र कडू झाला, आणि तो कुठे व्हावा? वर्ल्डकपची अखेरची फेरी मार्च २०१८ मध्ये त्युमेनला होती, तिच्या जन्मगावी. एकूण विजेतेपदाचा स्फटिकाचा मोठा गोल तिच्याकडे कधीच नव्हता. त्या शनिवार-रविवारी तो फिनलंडच्या काइसा मॅकाराइनेनकडे गेला, ३ गुणांच्या फरकाने. अख्ख्या हंगामाच्या आठशेहून जास्त गुणांत तीन! असा हिशेब लागला की माणूस वर्षभरातली प्रत्येक हुकलेली गोळी आठवत बसतो. वर्ल्डकपचा गोल सातत्याला मिळतो, ऑलिंपिक त्या एका दिवसाला. तिला काय मिळालं आणि काय नाही, हे पाहिलं की तिची जात पुन्हा डोळ्यांसमोर येते.

जागतिक स्पर्धेचं सुवर्ण तिला त्याच्याही नंतर, मार्च २०१९ मध्ये स्वीडनच्या ऑस्टरसुंडला स्प्रिंटमध्ये मिळालं. तीन ऑलिंपिक सुवर्णं आधी, जग जिंकणं नंतर. त्या हंगामानंतर ती थांबली, मग बीजिंग २०२२ साठी परत आली. तिथे पदक मिळालं नाही.

आता 'भाड्याने आणलेली' बद्दल. काही ठिकाणी हा शब्द लागू पडतो, नाही असं नाही. यजमान देशाला ऑलिंपिकआधी संघ भरायचा असतो, पासपोर्ट झटपट निघतात, स्पर्धा संपली की दोघंही एकमेकांना विसरतात. कुझमिनाच्या बाबतीत घर आधी हललं, स्पर्धेचा झेंडा नंतर. ती जवळपास दहा वर्षं तिथल्या लष्करी क्लबातून खेळली. आणि रशियाने तिला ऑलिंपिकला कधी पाठवलंच नव्हतं, तेव्हा हिरावून काय नेलं? आपल्याला हे उदाहरण परकं वाटू नये. मुंबईचा सौरभ नेत्रवळकर २०१० चा अंडर-१९ वर्ल्डकप भारताकडून खेळला, पुढे शिकायला अमेरिकेत गेला, आणि २०२४ च्या टी-ट्वेंटी वर्ल्डकपमध्ये अमेरिकेकडून पाकिस्तानविरुद्ध सुपर ओव्हर टाकली. आपण सगळ्यांनी टाळ्याच वाजवल्या. आठवड्याने त्यानेच रोहित आणि विराटला बाद केलं, तेव्हाही त्याला कुणी भाडोत्री म्हणाल्याचं माझ्या कानावर आलं नाही. मुंबईच्या रांगेत त्याच्या पुढे किती जण उभे होते हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुझमिनाच्या पुढची रांग आपल्याला दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

याकोव्ह फाकचं नाव वर आलं, त्याचीही गोष्ट दोन देशांचीच आहे, फक्त दिशा उलटी. तो क्रोएशियातला, रियेकाचा. व्हँकुव्हर २०१० ला स्प्रिंटमध्ये क्रोएशियासाठी कांस्य जिंकला. क्रोएशियात स्टार्टची चणचण नव्हती, स्पर्धकच कोण होता? नव्हता तो संघ, म्हणजे मेणवाले, कोच, रिलेचे साथीदार. शेजारच्या स्लोव्हेनियात पोक्ल्युकाची रेंज आणि अख्खी यंत्रणा होती. तो त्याच वर्षी तिकडे गेला, २०१२ मध्ये इंडिव्हिज्युअलचा जगज्जेता झाला आणि २०१८ चं ते रौप्य आणलं. दोन वेगळ्या देशांसाठी ऑलिंपिक पदक ही फार थोड्यांची कमाई आहे. कुझमिना खूप माणसं असलेल्या देशातून निघाली, हा माणसंच नसलेल्या देशातून. फाकचा नेम आधीपासून पक्का होता, त्याला बाकीचं हवं होतं.

आणि फसलेलंही एक उदाहरण घ्या, म्हणजे देश बदलणं हा जादूचा मंत्र वाटणार नाही. मिखाएल ऱ्योश, २००६ ला जर्मनीच्या सुवर्ण विजेत्या रिले संघात होता. जर्मन संघातली जागा गेल्यावर २०१२ मध्ये त्याने बेल्जियमकडून खेळायचं ठरवलं. नागरिकत्वाचे कागद २०१४ च्या सुरुवातीला हातात आले, सोचीसाठी उशीर झालेला. ऐन भराची वर्षं, मागे जर्मनी नाही, पुढे बेल्जियम नाही. २०१८ ला तो बेल्जियमकडून ऑलिंपिक खेळला खरा, पण तोवर पाय पूर्वीचे राहिले नव्हते.

नियमाचं म्हणाल तर ऑलिंपिक सनदेप्रमाणे एका देशाकडून खेळल्यावर दुसऱ्याकडून ऑलिंपिक खेळायचं तर सर्वसाधारणपणे तीन वर्षं जावी लागतात. दोन्ही देशांच्या ऑलिंपिक समित्या आणि खेळाचा महासंघ राजी असेल तर ही मुदत कमी होऊ शकते. नागरिकत्व मात्र लागतंच. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, म्हणजे आपल्याकडून बाहेर जाणाऱ्याला परतीचा रस्ता अवघड आहे. मुलीच्या बाबतीत तुम्ही या अंगाने विचार करत असाल तर आत्ता सोडून द्या. महाराष्ट्रातली रायफलची रांग लांब आहे हे कबूल, पण याच रांगेतून तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनची जगज्जेती झाली आणि स्वप्नील कुसाळे पॅरिसहून कांस्य घेऊन आला. दोघंही कोल्हापूरकर. स्वप्नीलचं पदक आलं तेव्हा तो काही कोवळा पोर नव्हता. वर्षानुवर्षं संघाच्या आतबाहेर करत तिथे पोचला.

शर्यत बघायची तर मी सुवर्णाची सांगणार नाही, २०१८ ची १५ किलोमीटरची इंडिव्हिज्युअल सांगेन, आणि तीही ओबेरी आणि कुझमिना दोघींवर डोळा ठेवून. मुलीला सांगा, निशाण्याकडे बघू नकोस, मॅटकडे बघ. ओबेरी मॅटवर आल्यावर पहिली गोळी सुटेपर्यंत किती श्वास घेते ते मोज. मग कुझमिनाचे मोज. दोन गोळ्यांमधला वेळ स्टॉपवॉचवर लाव, विशेषतः चौथी आणि पाचवीमधला. स्टँडिंगला नळी स्थिर व्हायची वाट कोण बघतं आणि नळी गोलावरून जाता जाता खटका कोण दाबतं, ते ओळखायचा प्रयत्न कर. दुसरा प्रकार चुकीचा आहे असं नाही. त्या ठोक्यांवर नळी पूर्ण स्थिर होतच नाही, सगळ्यांनाच चालत्या नळीवर दाबावं लागतं. फक्त कुणाला लय सापडलेली असते, कुणाला त्या दिवशी नसते. आपल्या स्टँडिंगमध्ये जे वीस-पंचवीस सेकंद होल्ड धरून बसायची सवय लागते आणि मग नाइलाजाने शॉट सोडला जातो, त्यावर हा चांगला उतारा आहे. बघून झाल्यावर पुढच्या सरावाला तिला पाच गोळ्या तीस सेकंदांत मारायला लावा, मोठ्या गोलावर, पळवून आणून. कागद टाकू नका, तारीख घालून ठेवा.